सतरा नंबरचं बक्षीस

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

कशी आहेस? भावोजींची पाठ आता बरी असेल. मी ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणून गेला त्याला महिना झाला. थोडा खोकला आहे, पण गाता येतंय. तीन वर्षांनी पत्र आणि त्यात नळाचं रडगाणं! फोनच करणार होते. दोनदा लावला, आणि तू उचलायच्या आत ठेवला. मीच होते हे तुला कळलं असेल.

तर बातमी. मार्चमध्ये आमचा अल्बम निघाला. आम्ही म्हणजे मी आणि माझा गिटारवाला, ज्याला सगळे मिशा म्हणतात. पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही. तेव्हा मिशाने शक्कल काढली, ऐकणाऱ्यांनीच विकायचं. जो मदत करील त्याला एक नंबर द्यायचा, घेणाऱ्याने मागवताना तो सांगायचा. पंचवीस जणांना घ्यायला लावलं, की आम्ही त्याच्या घरी जाऊन गाणार, आणि पुढच्या छपाईत कव्हरवर त्याचं नाव येणार. "हल्ली सीडी कोण घेतं?" असं मीच म्हणाले होते. पाचशे संपल्या, आता पुन्हा छापतोय.

रविवारी अशाच एकाकडे गायला गेलो. न्हावी आहे. दिवसभर दुकानात आमचीच गाणी लावतो, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून विचारतो, "मग, घेणार ना?" बेचाळीस जण "हो" म्हणाले! त्याच्या घरी खुर्च्या पुरेनात, लोक पलंगावर, खिडकीत. सगळ्यांना चौथंच गाणं हवं होतं. तीनदा गायले. शेवटी न्हाव्याच्या आईने माझा हात धरला. "हे कसं सुचलं गं तुला?"

मी म्हणाले, "गच्चीत ओल्या चादरी पिळताना."

पटकन म्हणाले. अडखळलेसुद्धा नाही.

काल त्याने यादी आणली. सगळ्यांत वर नंबर सतरा, एकसष्ट सीडी. नावाच्या जागी नुसतं "एक श्रोता". पत्ता पाहिला, तर तुझं चष्म्याचं दुकान.

म्हटलं, योगायोग असेल, दुकानात आणखी दोघं आहेत. मग मिशाने एक चिठ्ठी पुढे केली. एका निवृत्त मास्तरांनी सतरा नंबर सांगून सीडी मागवताना लिहिलेली. "डोळे तपासताना बाई गुणगुणत होत्या. अक्षरं वाचायची सोडून मी ऐकत बसलो. कुणाचं गाणं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीचं."

हे तू कसं म्हणालीस, ताई? मी ते वाक्य सगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं. कौतुकाने, टोमणा म्हणून, सहज. प्रत्येक तऱ्हेने ते तुझंच वाटतं.

चादरी तू पिळत होतीस. आई दवाखान्यात होती. मी दुसरं टोक धरून उभी, आणि चाल तुझ्या तोंडून आली, शब्दही. माझं काय, तर एक कडवं, तेही निम्मं तूच सुधारलंस. आणि पहिल्याच कार्यक्रमात मी सांगितलं, "शब्द आणि चाल माझीच." तू तिसऱ्या रांगेत होतीस. "बस चुकेल" म्हणून उठलीस. बसला दीड तास होता.

तेव्हा मनाला समजावलं, घरचंच तर आहे. खोटं. मला टाळ्या हव्या होत्या.

मग तू ते विकत का बसलीस? भांडली असतीस तर कळलं असतं. माफ केलंस म्हणावं, तर तसं कळवलं नाहीस. राग आहे म्हणावं, तर एकसष्ट माणसं! की कुणाच्या का नावाने होईना, ते ऐकलं जावं एवढंच तुला हवं होतं? डोकं चालत नाही.

मिशाला सगळं सांगितलं. तो गिटारच्या तारा पुसत होता. म्हणाला, "चोराने घरधन्याला बक्षीस द्यायचं, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

आज सकाळी न्हाव्याच्या आईकडे जाऊन खरं सांगून आले. वाटलं, घालवून देईल. ती म्हणाली, "मग तिला का नाही आणलंस?"

तिथून छापखान्यात गेले. छापणाऱ्या बाईंना म्हटलं, चौथ्या गाण्याखालचं माझं नाव काढा, बहिणीचं घाला.

"आभारात?"

"नाही. शब्द आणि चाल."

त्यांनी पेन्सिल उचलली. "सांगा. माहेरचं नाव की सासरचं?"

मला सांगताच येईना. तू हल्ली सही कशी करतेस, मला ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीचं नाव विचारल्यावर मी ठोंब्यासारखी उभी. बाईंना कीव आली असावी. "विचारून या," म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपर्यंत थांबते."

म्हणून हे पत्र. नियमाप्रमाणे तुझ्या घरी येऊन गायलाही हवं, पण तुझ्यापुढे ते कसं गाऊ? तू गायचं आणि मी ऐकायचं, असं चालेल का? की येऊच नको?

नाव कळव. एका ओळीत कळव, शिव्या घालून कळव, पण तुझ्या हाताने लिहून. नाही कळवलंस तर ती जागा कोरी छापायला सांगेन. माझं नाव तिथे आता येणार नाही.

तुझ्या उत्तरापर्यंत स्वतःला काय म्हणवून घ्यावं हे न कळणारी,
तुझीच