माझ्या निर्दोष पोटासाठी चाललेली प्रार्थना

तीर्थस्वरूप लोपेतीमामांस,

ब्रिस्बेनहून सालेसीचा वाकून नमस्कार. तू, मामी आणि तुझा दुखरा गुडघा अजून एकाच छपराखाली नांदत असाल असं धरून चालतो. (वर 'मामांस' लिहिलं ती पत्राची रीत, खाली तू आहेसच.) तुझी होडी, तुझी डुकरं, मामीचा राग, सगळं जागच्या जागी असो. माझंही सगळं जागच्या जागी आहे, एक वस्तू सोडून. त्या वस्तूबद्दलच हे पत्र आहे, तेव्हा एकट्याने वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन समुद्रात पडून आल्यापासून फक्त स्पीकरवर बोलतो, आणि मी तुला काही विचारलं की अंगणात काव्हाच्या मुळांचं पाणी प्यायला बसलेली सगळी मंडळी उत्तरं देतात. मागे माझी दाढ दुखत होती तेव्हा फोन ठेवायच्या आत पलीकडच्या घरातून आईने ओरडून मीठ धरायला सांगितलं होतं. मामीने विचारलंच पत्रात काय आहे, तर म्हण, पोरगा डुक्कर मागतोय. तिला पटेल.

मामा, मला कॅन्सर आहे. हे वाक्य लिहून टाकलं, आता पुढचं सोपं. कुठे म्हणशील, तर देवाने पुरुषाला जी जोडी दिली आहे तिच्यातल्या डाव्याला. डावा काढला. उजवा राहिला आहे आणि एकटा पडल्यापासून जरा गंभीर वागतो. डॉक्टरीणबाई म्हणते की रक्तात अजून थोडं दिसतंय, केमोचे तीन फेरे घे, तुझ्या वयाची पोरं बहुतेक सगळी बरी होतात. पहिला फेरा झाला. दुसरा येत्या सोमवारी. आणि आमची टोळी संत्र्यांचा हंगाम संपवून शनिवारच्या विमानाने घरी निघाली आहे, त्यात माझीही जागा राखलेली आहे. शनिवार आधी येतो, सोमवार नंतर. शाळेच्या मागच्या खिडकीतून मी उडी मारली तेव्हा खाली तूच उभा होतास, तेव्हा माझा कल कुठे हे तुला वेगळं सांगायला नको. आईला यातलं काही माहीत नाही. तुलाच सांगतो, कारण बहिणीच्या पोराने मामाच्या घरातलं हवं ते न विचारता उचलावं आणि मामासमोर हवं ते बोलावं, ही देवाने आपल्या पोरांना दिलेली सगळ्यात मोठी सोय आहे.

सुरुवात अशी झाली. संत्री तोडताना गळ्यात झोळी असते, ती भरली की मांडीवर आपटते. मला वाटलं, झोळीचा मार लागून तिथे सूज आली. दुखत नव्हतं, म्हणून मी तिला महत्त्व दिलं नाही. (मी दुखणाऱ्या गोष्टींनाही फारसं देत नाही, हे माझ्या दातांवरून दिसतं.) मग मी स्वतःच औषध शोधलं. कोबीचं पान गरम करून बांधलं. खोबरेल लावलं. एका गड्याने त्याच्या गावचा कडू पाला सांगितला, तो इथे मिळत नाही, म्हणून मी दिसायला तसाच असलेला पाला बांधला, आणि आठवडाभर शिडीवर असा चढत होतो की मुकादम म्हणाला, "सालेसी, घोड्यावर बसून आलास काय?" शेवटी त्यानेच मला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर निघाली बाई. तिने हात लावून पाहिलं आणि एकदम गप्प झाली. मी तिला धीर दिला. म्हटलं, काळजी करू नका, झोळीचा मार आहे.

तिथून मला ब्रिस्बेनला पाठवलं, कारण इथे मोठं इस्पितळ आहे, आणि आपली लुसेआनेताई आहे. इथून खरं संकट सुरू झालं. कॅन्सरचं नाही, ताईचं. आपल्यात भाऊ-बहीण मोठे झाले की एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत, न जाणो पडद्यावर कोणी कोणाचा मुका घेतला तर. आणि इथे ताई रजा टाकून, पाठ सरळ ठेवून, माझ्यासोबत डॉक्टरीणबाईच्या खोलीत येऊन बसली. माझं इंग्रजी संत्र्यांपुरतं, म्हणून बाईने टेबलावर फोन ठेवून आपल्या भाषेतला दुभाषी लावला. म्हातारा आवाज होता, वावाऊ बेटाकडचा असावा. बाई बरंच बोलली. दुभाषी बोलेना. मग हळूच म्हणाला, "पोरा, खोलीत आणखी कोण आहे?"

म्हटलं, "माझी बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

फोनमध्ये एवढी शांतता झाली की लाइन तुटली असं वाटून बाईने तो हलवून पाहिला. मग म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "बाई गं, डॉक्टर म्हणतात पेशंटला पाणी आणून दे." ताई उठली, दार लागलं, आणि म्हातारा धबधब्यासारखा सुटला. डावा, बरं का, डावा, आठवड्यात काढायचा, पुढे मुलंबाळं हवी असतील तर आधी काय ते साठवून ठेवतात, लाजू नकोस, हो म्हण. दार उघडलं तसा म्हणाला, "आणि ब्रिस्बेनला सध्या हवा छान आहे." असं चार वेळा झालं. मी चार ग्लास पाणी प्यायलो. एवढी तहान बघून बाईने माझी साखरही तपासायला लिहिली.

बाहेर आल्यावर ताईने रस्त्याकडे बघत विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "पोट."

"पोट?"

"पोटात गाठ आहे."

"बरं," ताई म्हणाली, "पोट."

मामा, माणसाने खोटं बोलावं, पण खाण्याच्या अवयवाबद्दल बोलू नये. त्या दिवसापासून माझ्या पुढ्यात आरारूटची खीर आली. सकाळी खीर, दुपारी खीर, संध्याकाळी बदल म्हणून जरा पातळ खीर. ऑपरेशन झालं, मी घरी आलो, आणि चर्चच्या सगळ्या बायका माझ्या पोटाच्या मागे लागल्या. रविवारी नाव घेऊन प्रार्थना. एका काकांनी उभं राहून सांगितलं की त्यांचं पोट अशाच प्रार्थनेने बरं झालं, आणि आता ते खिळेसुद्धा पचवतील. एका आजीने माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवून एवढी जोरात प्रार्थना केली की टाके खाली होते तरी मला कळले. चर्चला जाताना कमरेभोवती गुंडाळायची आपली चटई टाक्यांवर बांधवेना म्हणून मी ती छातीखाली बांधून गेलो, तर सगळे हळहळले, बघा बिचारा, पोट सांभाळतोय. प्रार्थनेनंतर जेवण असायचं. भट्टीतून काढलेलं डुक्कर माझ्या समोरून जायचं आणि मी माझ्या डब्यातली खीर उघडायचो. मला वाटायचं, वर देव कपाळाला हात लावून बसला असेल. एवढी माणसं एका पोटासाठी रडतायत, पोट तर ठणठणीत, आणि ज्याला गरज आहे त्याचं नाव कोणी घेत नाही.

मग केमो सुरू झाली. पाच दिवस नळीला बांधून घातलं, आणि मग माझं पोट खरोखर बिघडलं. खोटं असं एवढ्या लवकर खरं होताना मी पाहिलं नव्हतं. ओकाऱ्या एवढ्या की मला वाटलं लहानपणापासूनचं सगळं बाहेर येतंय, त्यात तुझ्या घरून चोरलेली केळीही. आता ओकारी हाही अंगाचाच विषय, तो बहिणीने भावाला विचारायचा कसा? तर फिलिमोनेदाजी आहेत ना. दाजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, आठवड्यातले बरेच दिवस पश्चिमेच्या वाळवंटात असतात. ताई स्वयंपाकघरातून दाजींना फोन लावायची, दाजी वाळवंटातून मला लावायचे. "तुझी बहीण विचारते, बाहेर काढलंस का?" मी म्हणायचो, काढलं. "तुझी बहीण विचारते, किती?" आणि ताई भिंतीपलीकडे उभी. मला तिच्या चपला ऐकू यायच्या, माझ्या ओकाऱ्या तिला ऐकू येत नसतील असं नाही. पण रीत ती रीत. दाजी म्हणायचे, मी एका हाताने गाडी चालवतो आणि दुसऱ्याने तुमचं घर.

नंतर केस गेले. आपल्याकडे माणूस गेल्यावर केस कापतात, त्यामुळे रस्त्यात भेटेल तो खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारतो, कोण गेलं? मी म्हणतो, अजून कोणी नाही. त्यावर ते आणखी हळू होतात.

तेव्हा मी ठरवलं, पुरे. आरशात बघितलं तर उकडलेला सुरण दिसत होता. आणखी दोन फेरे कोण घेणार? घरी जाईन, आई पाला उकळेल, समुद्रात डुंबेन, बरा होईन, नाही झालो तर निदान खीर तरी सुटेल. ताईला सांगितलं, "ताई, पोट बरं झालं. शनिवारी टोळीबरोबर जातो." मामा, मला वाटलं ती ओरडेल. बहिणीचा मान मोठा, तिने नुसतं 'बस' म्हटलं असतं तरी मी बसलो असतो. ओरडावं म्हणून मी वाट बघत थोडा वेळ उभाच राहिलो. ती म्हणाली, "बरं," आणि भांडी घासायला लागली.

गेल्या रविवारी चर्चमध्ये ती उभी राहिली. ती कधी बोलत नाही, मागे बसते. म्हणाली, "देवा, माझ्या भावाला तू डोक्यापासून पायापर्यंत घडवलंस. त्यातलं काही आम्हाला बोलता येतं, काही येत नाही. जे येत नाही तेही तूच घडवलंस. जे काढून घेतलंस त्याबद्दल आमचं भांडण नाही. जे ठेवलंस ते राहू दे." बायका आमेन म्हणाल्या, पण जरा उशिरा. मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसलो. माझे कान एवढे तापले की केस असते तर जळाले असते.

घरी आल्यावर तिने माझ्या पुढ्यात ताट ठेवलं. खीर नाही. अळूच्या पानात, नारळाच्या दुधात शिजवलेलं डुक्कर. ठेवून ती अंगणात निघून गेली. मी खात होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिखट लागलं म्हणायची सोय नाही, कारण आपल्या स्वयंपाकात तिखट कोण घालतं?

जेवून मागच्या दारी जाऊन दाजींना फोन लावला. म्हटलं, तुम्ही तिला सांगितलंत? दाजी म्हणाले, "मी? मला तिनेच सांगितलं, पहिल्या दिवशी. डॉक्टरच्या खोलीत तू बसलास ना, तुझ्या डोक्यामागे भिंतीवर त्या वस्तूचं दाराएवढं चित्र होतं. रंगीत. ती समोर बसली होती. पाणी आणायला पाठवत होते म्हणून वाचली बिचारी."

मी म्हटलं, "मग दोन महिने मला खीर का चारली?"

"तू पोट म्हणालास, तर तिने पोटाचं केलं. खरं बोलला असतास तर त्याची काय खीर करायची असते?"

मग विचारलं, मी जातो म्हटलं तर ती थांब का म्हणाली नाही? दाजी म्हणाले, "म्हणते, माझ्या हुकमाने बसला तर दुसऱ्या फेऱ्याला नळी काढून पळेल. त्याचं त्याला ठरवू दे. शनिवारी विमानतळावर सोडेन, नाहीतर सोमवारी इस्पितळात सोडेन." मग म्हणाले, "पण काल तिने दोन नव्या बादल्या आणल्यात. एक तुझ्या खोलीत, एक गाडीत. विमानतळावरून परतताना तू गाडीत नसशील. मग गाडीतली कोणासाठी, ते तू बघ. आता ठेव, पुढे कांगारू उभा आहे."

मामा, मी जाऊन गाडीत बघून आलो. मागच्या सीटवर होती. निळी. आत टॉवेलाची घडी होती.

बाकी इकडे ठीक. मामीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझा भाचा,
सालेसी

ता. क. हे पत्र तुला आमच्या टोळीतल्या किटिओनेने आणून दिलं असेल. माझ्या हातून मिळालं नाही, यावरून काय ते समज. माझ्या विमानातल्या जागेवर त्याने तांदूळ शिजवायचं मशीन ठेवतो म्हटलंय.

आणखी ता. क. आईला तू सांग. आजच सांग, अंगणात कोणी नसताना, आणि तिचा हात धरून सांग. मला ते फोनवर जमणार नाही. बहुतेक सगळे बरे होतात, हे आधी सांग, कॅन्सर हा शब्द नंतर. कुठे आहे विचारलं तर पोट म्हण. एवढं सगळं होऊनही पोटच म्हण. तिच्या शेजारी माझ्या धाकट्या दोघी बहिणी बसलेल्या असणार.

शेवटचा ता. क. म्हणजे आता तिकडे आपल्या हापाई बेटांवरही सगळे माझ्या पोटासाठी प्रार्थना करतील. माझं पोट शंभर वर्षं जगणार, त्याची चिंता नाही. पण मामा, सोमवारी सकाळी मला नळी लावतील तेव्हा मला भीती वाटणार आहे. ताईने 'डोक्यापासून पायापर्यंत' म्हणून सांगितलंय, तरी देवाला नेमकी जागा सांगणारा एक माणूस हवा. तू सांग. नाव घेऊन सांग, उजवा म्हणून सांग. मोठ्याने नको, मामी ऐकेल.