तेवीस नंबरच्या प्लॉटखालची विहीर

दिनांक ८ मार्च १९९८ रोजी मी एक मृत्युपत्र लिहून दस्तलेखक अभिमन नानांच्या पेटीत ठेवले होते. त्याच्या कलम पाचमध्ये असे वाक्य आहे : "झुलालनगरातील प्लॉट नंबर २३ च्या खाली बुजवलेली विहीर आहे, हे मला खरेदीखत झाल्यानंतर समजले." हे वाक्य खोटे आहे. मला ते खरेदीखताच्या अकरा दिवस आधी समजले होते. म्हणून ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे व हे शेवटचे धरावे.

मी, उज्ज्वला जीवराम फिरके, वय एकोणतीस, अविवाहित, धंदा प्लॉट व घरांची दलाली, राहणार जुने जळगाव, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. लहानपणीच्या तापाने त्याची एक झडप आखडली आहे. ती बदलण्यासाठी मला सोमवारी, २७ एप्रिलला, पुण्याच्या इस्पितळात दाखल व्हायचे आहे व शस्त्रक्रिया गुरुवारी ३० तारखेला आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले पंच्याण्णव चालत घरी जातात. उरलेल्या पाचांचा विचार आधी करायची सवय मला वडिलांनी लावली. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट आईने "लिहू नको, अपशकुन होतो" असे दोनदा सांगितले आहे.

कलम १. जुन्या जळगावातील दोन खोल्यांचे घर आई, लताबाई, हिच्या नावावर आहे. ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. मागच्या मृत्युपत्रात मी "माझे घर" असे लिहिले होते, तेही दुरुस्त करते. माळ्यावरची शिलाई मशीन मात्र माझी आहे. ती आईला द्यावी.

कलम २. पोस्टातील बचत आईला. आकडा लिहीत नाही, कारण पुण्याचा खर्च त्यातूनच व्हायचा आहे व काय उरेल ते आज सांगता येत नाही.

कलम ३. धंद्याचे सामान. तीस मीटरची पोलादी फीत, नकाशांच्या गुंडाळ्या, लुना, आणि वडिलांनी बांधून ठेवलेली सातबारा उताऱ्यांची अकरा दप्तरे. लुना विकावी. दप्तरांतले उतारे ज्यांच्या जमिनीचे आहेत त्यांच्या घरी पोचवावेत, रद्दीत घालू नयेत. फीत ज्याला हवी त्याला द्यावी, पण तिचे सुरुवातीचे आकडे झिजून पुसले गेले आहेत. तिने मोजताना दहा सेंटिमीटरपासून मोजावे आणि शेवटी दहा वजा करावेत. हे घेणाऱ्याला तोंडी सांगावे.

या दप्तरांवर मी लिहावाचायला शिकले. सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत मी अंथरुणावर होते, त्यामुळे शाळा म्हणजे वडीलच. मी वाचलेला पहिला शब्द "जिरायत". पाढे येण्याआधी मला एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट हे पाठ होते. धंद्याचा धडा मात्र त्यांनी एकच दिला. "आधी उणं दाखव, मग भाव सांग. उणं पाहूनसुद्धा जो उभा राहतो, तोच गिऱ्हाईक." ते जून १९९४ मध्ये गेले. तेजी त्यांनी पाहिली, पुढचे पाहावे लागले नाही.

कलम ४. दुकानातल्या खिळ्यांवर चौदा चाव्या टांगलेल्या आहेत. त्या न विकल्या गेलेल्या घरांच्या आहेत. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली आहे. मालकांना परत द्याव्यात.

पंच्याण्णवच्या दिवाळीत एक चावी माझ्याकडे दोन दिवस टिकत नसे. लोक जागा न बघता प्लॉट घेत, नकाशावर बोट ठेवले की व्यवहार झाला. शहाण्णवच्या पावसाळ्यापासून फोन कमी झाले. आधी व्यापाऱ्यांनी हात आखडला, मग केळीवाल्यांनी, मग फक्त रविवारचे लोक उरले. हे लोक मुलाबाळांसह येतात, नळ उघडून बघतात, गच्चीवर जाऊन वारा खातात, "विचार करून सांगतो" म्हणतात आणि रस्त्यात उसाचा रस पिऊन घरी जातात. धुळ्याला देवपूरकडेही हेच, पाचोऱ्यालाही हेच, असे तिकडचे दलाल सांगतात. एका रांगेतल्या आठ घरांपैकी तीन स्लॅबपर्यंत येऊन थांबली आहेत. त्यांच्या सळया गंजून भिंतींवर ओघळ आले आहेत. गेल्या सबंध वर्षात माझ्या हातून दोन व्यवहार झाले.

मी दर शनिवारी चौदाही घरे उघडते, झाडू मारते, मोरीत दोन बादल्या पाणी ओतते. मोरीतले पाणी आटले की गटाराचा वास वर चढतो आणि बघायला आलेला माणूस उंबऱ्यातूनच मागे फिरतो. माझ्यामागे हे कोणी करणार नसेल, तर मालकांना निदान मोऱ्यांबद्दल सांगावे.

कलम ५. झुलालनगर हे बेचाळीस प्लॉटांचे लेआउट पिंप्राळ्याच्या पुढे आहे. पूर्वी ते झुलाल पाटलांचे शेत होते. त्यातला कोपऱ्यावरचा नऊ नंबरचा प्लॉट माझ्या नावावर आहे. वडिलांनी तो माझ्या लग्नासाठी म्हणून घेतला होता. पहिल्या मंजूर नकाशात शेताची विहीर मोकळ्या जागेत होती. वडील गेल्यावर लेआउटचे मालक व वडिलांचे जुने भागीदार हिलाल आबा यांनी नकाशा बदलून घेतला, मोकळी जागा दुसऱ्या टोकाला नेली आणि विहीर होती तिथे तेवीस नंबर पाडला.

सोमवारी, ९ डिसेंबर १९९६ रोजी, मी हद्दीचे दगड तपासायला तिथे गेले होते. झुलाल पाटलांच्या पत्नी भागाबाई गवत कापत होत्या. त्या लांबूनच ओरडल्या, "तठे नको उभी राहू व माय! तठे आमनी विहीर शे. केळीना खांब टाकीसन बुजी दिनी."

म्हणजे दगडमातीने नव्हे. घड काढल्यावर उरलेले केळीचे खांब, जे शेतकऱ्याला कुठे टाकावे कळत नाही, ते हिलाल आबांनी ट्रॉल्या भरभरून विहिरीत लोटले आणि वर हातभर मुरूम पसरला. केळीच्या खांबात सगळे पाणीच असते. तो कुजतो, बसतो, आणि वरची जमीन त्याच्याबरोबर बसते.

मी त्याच दिवशी हिलाल आबांकडे गेले. तेवीस नंबरसाठी छगन लोटन बऱ्हाटे यांच्याशी बोलणे चालू होते. छगन भाऊ वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार आहेत. आबा हसले.

"पोर, प्लॉट बांधाले कोन लेस? बठ्ठा इकाले लेतस. तुझा छगन वर्षात विकून मोकळा होईल. पुढचा त्याच्या पुढच्याला विकेल. विहिरीला काय कळतं, मालक कोण ते?"

आबांचे हे बोलणे पंच्याण्णवपर्यंत खरे होते. तेजीत एकाचे खोटे दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, आणि ते कोणाच्याच हातात उघडत नाही. बाजार थांबला की ते ज्याच्या हातात असेल त्याच्याच हातात राहते. आणि छगन भाऊंना विकायचे कधीच नव्हते.

रविवारी, १५ डिसेंबरला, ते आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई जागा बघायला आले. छगन भाऊंनी पिशवीतून पहार आणली होती. शेजारच्या प्लॉटवर ती खणकन वाजली. तेवीस नंबरमध्ये एका घावात वीतभर आत गेली. त्यांना आनंद झाला.

"बाकीचे प्लॉट म्हणजे दगड, ताई. हा लोण्यासारखा. पाया खणायले दोन दिस बी नाही लागायचे."

यशोदाबाई म्हणाल्या, "मले तर माती आवडली. तुळस लगेच धरीन इथं. क्वार्टरात सतरा वर्षं डब्यात लावली मी."

"ताई, तुम्ही काही बोलत नाही?" छगन भाऊंनी विचारले.

मी म्हटले, "जागा चौकोनी आहे."

एवढेच म्हटले. त्या वेळी मी फीत गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावरही गुंडाळत राहिले. सात महिन्यांत एकही व्यवहार झालेला नव्हता, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले आहे. इथे फक्त नोंद करते, सबब म्हणून नाही. शुक्रवारी, २० डिसेंबरला, खरेदीखत झाले. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

आणखी एक गोष्ट मागच्या मृत्युपत्रात अजिबात नव्हती. गेल्या पावसाळ्यात तेवीस नंबरमध्ये परातीएवढा गोल खळगा पडला व त्यात पाणी साचले. ऑक्टोबरात मी दोन ट्रॉल्या मुरूम टाकून तो सपाट करून घेतला. ड्रायव्हरला "साफसफाई" असे सांगितले. छगन भाऊंना कळवले नाही.

छगन भाऊ ३१ मे रोजी निवृत्त होतात व क्वार्टर सोडावे लागते. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बुधवारी २९ एप्रिलला, मुहूर्ताची कुदळ मारायची त्यांनी ठरवले आहे. मला पेढे व आमंत्रण आले आहे. पाया खणताना मजूर आत गेला नाही, तर घर उभे राहील आणि पहिला पावसाळा काढेल. विहिरीची कड स्वयंपाकघराखाली येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात ती भिंत खचेल. त्या वेळी यशोदाबाई चुलीशी असतील किंवा नसतील.

म्हणून असे लिहिते की, माझ्या मृत्यूनंतर नऊ नंबरचा प्लॉट छगन लोटन बऱ्हाटे यांना द्यावा व त्यांचा तेवीस नंबर आईने घ्यावा. त्यावर काहीही बांधू नये, भोवती तारेचे कुंपण घालावे.

कलम ६. हिलाल आबांना मी काही ठेवत नाही. वडिलांच्या दहाव्याला ते चारचौघांत म्हणाले होते, "बाईमाणसाने जमीन दाखवावी, विकू नये." त्याचा राग मी चार वर्षे सांभाळला, तो आता इथे सोडते. पण वाटणी नीट व्हावी. विहीर त्यांनी बुजवली, गप्प मी बसले. माझा वाटा त्यांच्या अंगावर टाकू नये, त्यांचा माझ्या अंगावर टाकू नये.

इथवर लिहून मी कागद दुकानातच अभिमन नानांना वाचायला दिला. नाना तीस वर्षे रजिस्ट्री कचेरीबाहेर दस्त लिहितात, वडिलांचे मित्र. शेजारच्या बेबाबाईही साक्षीसाठी येऊन बसल्या होत्या. नानांनी चष्मा पुसून सावकाश सगळे वाचले.

"अक्षर जीवरामपेक्षा बरं आहे," ते म्हणाले. "पण बाजार असा आहे पोरी, की फुकट दिलेला प्लॉटसुद्धा माणूस विचार करून सांगतो म्हणेल."

बेबाबाई हसल्या. मग नानांनी कलम पाचवर बोट ठेवले.

"ऑपरेशन तीसला. आखाजी एकोणतीसला. कुदळ आधी पडणार, की हा कागद आधी उघडणार?"

"कुदळ," मी म्हटले.

"बरं. आणि तू बरी होऊन परत आलीस तर?"

मी पेनाला टोपण लावले.

"मग कागद माझ्या पेटीत, छगन त्या घरात, आणि तू? तू त्याच्या वास्तुशांतीला जाऊन जेवणार?"

"नाना, तिचा जीव आधीच घाबरा आहे," बेबाबाई म्हणाल्या. "पुण्याहून आल्यावर बोला की."

"पुण्याहून आल्यावर पाया भरलेला असेल, बाई."

मी त्यांना सांगितले की हे बाहेर पडले तर मला कोणी चावी देणार नाही. दुकानाचा गाळा हिलाल आबांचा आहे, ते तो खाली करून घेतील. ऑपरेशननंतर आईने आणि मी कशावर राहायचे? आणि गावात एकदा नाव गेले की गिऱ्हाईक जाते.

"गिऱ्हाईक आहे कुठे, जायला?" नाना म्हणाले.

ते चेष्टेने म्हणाले नाहीत. मी रिकाम्या दुकानाकडे पाहिले. ज्या धंद्यासाठी मी दीड वर्ष गप्प राहिले, तो धंदा तिथे नव्हता.

म्हणून कलम ५ चा शेवटचा परिच्छेद मी रद्द करते. नऊ नंबर या मृत्युपत्राने कोणालाही जात नाही, कारण हा कागद उघडला जाईल तेव्हा तो माझा नसावा अशी माझी इच्छा आहे. अदलाबदलीचा दस्त नाना लिहून देणार आहेत. त्याआधी मी छगन भाऊंच्या घरी जाऊन, यशोदाबाईंच्या समोर, विहीर, केळीचे खांब, ९ डिसेंबर आणि मुरमाच्या दोन ट्रॉल्या, हे सगळे या क्रमाने सांगेन. ते शिव्या देतील, फिर्याद करतील, किंवा नऊ नंबर नको, पैसे परत द्या म्हणतील. त्यांना जो हक्क वाटेल तो त्यांनी घ्यावा. पैसेच मागितले तर नऊ नंबर मिळेल त्या भावाला विकून द्यावेत, मी असले तर मी, नसले तर आईने. आजचा भाव पंच्याण्णवच्या निम्मा आहे, हे मला माहीत आहे. कमी पडेल ते पोस्टातून काढावे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे व तो खरा आहे. मागच्या वेळीही मी हेच लिहिले होते, म्हणून या वेळी तीनदा वाचला.

सही : उज्ज्वला जीवराम फिरके

आमच्या समक्ष सही केली :
१. अभिमन सुकदेव पाटील, दस्तलेखक, जळगाव
२. बेबाबाई रामदास महाजन, जुने जळगाव (या दोघांना मी काहीही ठेवलेले नाही.)

ठिकाण : जळगाव
दिनांक : रविवार, १९ एप्रिल १९९८

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर. कलम पाचच्या दुरुस्तीत वरणगावला जाण्याचा दिवस मी आधी "शनिवार, दि. २५" असा लिहिला होता व नंतर खोडला. खाडाखोडीवर माझी सही आहे. छगन भाऊंची सध्या दुपारची पाळी आहे, ते रोज सकाळी घरी असतात. शनिवारपर्यंत थांबायला भीतीखेरीज दुसरे कारण मला सापडले नाही. पहिल्या गाडीने भुसावळ व तिथून वरणगाव, सोमवार, दिनांक २० एप्रिल १९९८.