विमानाले दोन बोटं माया

ता. ९ जानेवारी १९३८, रविवार. खामगाव
वकिलीण विमलबाईची संक्रांतीची चोळी कापली. बाई अंगानं भरली, जुनं माप चालत नाही. नवं माप कागदावर काढून कातरलं. कागद आमच्या यायच्या, घरधन्याच्या, टेबलाखाली पडला होता. पातळ, लांबरुंद, वर नुसत्या रेघोट्या. रद्दी. चोळी अशी बसली की बाई आरशापुढून हटेना. अन मी फक्त तिसरी शिकलेली.

ता. १० जानेवारी
घात झाला. यायनं टेबलाखाली शोधाशोध केली तेव्हा कळलं, ती रद्दी नव्हती. इंग्लंडाहून बोटीनं आलेला विमानाचा प्लान होता.
हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. चार इंजिनाच्या प्रवासी विमानाचं लाकडी मॉडेल करून राह्यले, मार्चातल्या प्रदर्शनासाठी. हुबेहूब पाहिजे म्हणे. दोन वर्षं खरा प्लान शोधला. मुंबईच्या प्लानात खिडक्या कमी, कलकत्त्याच्यात शेपूट आखूड. पेपरातल्या फोटोशी ताडून पाहत अन मान हलवत. हा तिसरा बरोबर निघाला, तर मी त्याच्यातून विमलबाईची पाठ काढली.
सांगायले गेली होती. पण हे जेवत होते. जेवत्या माणसाले वाईट सांगू नये.

ता. ११ जानेवारी
यायनं घर पालथं घातलं. मंग म्हणाले, तानुबाईनं चुलीत घातला असन. तानुबाई आमच्याकडे नऊ वर्षं भांडे घासते. ती म्हणे, मास्तर, लेकराची आण घेतो, म्या कागदाले हात नाही लावला. अन माह्याकडे पाह्यलं. मी तांदूळ निवडून राह्यली होती. तांदळात खडे फार निघाले.
हे कोणाले रागावत नाहीत. हळूच म्हणाले, तानुबाई, उद्यापासून नका येऊ.
मी बोलणारच होती. पण ती लगेच निघून गेली. जरा थांबावं माणसानं.

ता. १२ जानेवारी
विचार केला. कबुली दिल्यानं कागद जुळते काय? नाही. त्यापेक्षा प्लानच नीट करून देते. हे खूश, तानुबाई परत, मी मोकळी. पाठ, पुढा, बाह्या, सारे तुकडे शाबूत आहेत. कडेची कातरण तेवढी तानुबाईनं त्याच दिवशी झाडून नेली. म्हणजे तिचाही थोडा हात आहेच.

ता. १६ जानेवारी, रविवार
हे शाळेच्या कामाले गेले तशी दार लावून बसली. तुकडे जोडले. इंग्रजायनं एकच पंख काढला, दुसरा तसाच समजायचा. आपण कापड दुमडून कापतो तसं. हुशार लोक. पण एक मोठी चूक करून ठेवली. माया नाही! शिवण घ्यायले कडेनं जास्तीचं सोडतो तेवढंही नाही. साऱ्या रेघा काटोकाट. मी नव्या कागदावर उतरवताना चारी अंगानं दोन-दोन बोटं माया धरली. बारीक आकडे होते ते गाळले. रेघ असल्यावर आकडा काऊन पाहिजे?
इंग्लंडाची चूक खामगावात दुरुस्त झाली.

ता. १७ जानेवारी
दिला. हे म्हणाले, कुठं सापडला? मी ठरवलं होतं, म्हणायचं पेटीमागं, उंदरानं कुरतडलेला. तोंडातून निघालं, उकिरड्यावर, फाटलेला, म्हणून नवा उतरवला. हे म्हणाले, पाह्य, तानुबाईनंच फेकला. मंग कागद हातात धरून म्हणाले, वीस वर्षं झाले, तुले एवढी सुंदर रेघ काढता येते हे मले माहीत नव्हतं.
जेवण गेलं नाही. पित्त असन.

ता. २३ जानेवारी
विमलबाईकडे हळदीकुंकू. तानुबाई काम मागायले आली होती म्हणे. विमलबाई म्हणे, मी सरळ सांगितलं, मास्तरसारख्या गरीब माणसानं काढलं, म्हणजे काही केलंच असन तुनं. शेजारच्या अन्नपूर्णाबाईनंही नाही म्हटलं.
हे सांगताना विमलबाईच्या अंगात तीच चोळी. बगलेत जराही चुणी नाही.
तिळगूळ घेतला. सोमवारी सांगून टाकीन. नक्की.

ता. २४ जानेवारी, सोमवार
आज यायचं डोकं दुखून राह्यलं.

ता. ६ फेब्रुवारी
हे शाळेतून आले की सागाचं लाकूड कोरत बसतात. भांडे मी घासते. हाताले राखेनं चिरा पडल्या. शिक्षा झालीच की माही. मंग आणखी सांगून काय करायचं?

ता. १३ फेब्रुवारी, रविवार
जोडायले घेतलं. पंख खाचेत जात नाही. शेपूट धडाच्या मानानं भलतीच. नाकाचं भरताचं वांगं झालं. यायच्या शाळेतले शालिग्राम मास्तर आले, म्हणाले, काय हो, हे उडते की दूध देते? हे हसले. ते गेल्यावर हे फोटो घेऊन बसले. खिडक्या मोजल्या, बरोबर. पुन्हा मोजल्या. मंग म्हणाले, प्लान खरा आहे, तो चुकत नसतो. माह्याच हाताचा अंदाज गेला. प्रदर्शनाले नाव देत नाही. आता शाळेतही पोराले काय शिकवू?
चाकू पुसून ठेवला.
मी म्हटलं, लाकूड ओलं असन.

ता. १४ फेब्रुवारी
सांगितलं. सारं. चोळी, माया, उकिरडा. यायच्या पाठीकडे पाहून सांगितलं, समोरून जमलं नाही.
प्लानाचं एक अक्षर विचारलं नाही. टोपी घातली अन तानुबाईच्या घरी गेले. त्या गल्लीत हे कधी गेले नव्हते. तासाभरानं आले. म्हणाले, तुले कातरताना तिनं पाह्यलं होतं. कातरण तिनंच झाडली ना. मी विचारलं, मंग त्या दिवशी बोलली काऊन नाही? हे म्हणाले, बाई आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून थांबली होती. मी विचारलं, परत येते का? नाही म्हणे.
मंग जेवायले बसले. एकदा मीठ मागितलं, तेवढंच. रागावले असते तर माह्याजवळ चांगले चार जवाब तयार होते.