दोरीवरचे लाल गोंडे

३ नोव्हेंबर, सोमवार

टण्ण! टण्ण! आज पण दोन ते चार. सूनबाई शाळेतून आली, जेवली, की धनुष्य घेऊन मागच्या केळीच्या वाडीत उभी. शाळेत पोरांना कवायत शिकवते, घरी आम्हाला बाण दाखवते. माझी पाठ जमिनीला टेकली की टण्ण!

रात्री ताटावर बोलले सरळ — "त्या दोरीच्या आवाजानं माझं डोकं फुटतं." मनालीनं मान खाली घातली. हरेश मोबाईलमध्ये. आपल्या बायकोची बाजू घेईल, नाहीतर आईची — छे! नथू भात कालवत राहिला. बोलला नाही. तो कधी बोलतो?

(नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. वहीत घेते. वही माझी आहे.)

५ नोव्हेंबर, बुधवार

नथू बोलतो! माझ्याशी नाही. सुनेशी.

कपडे वाळत घालत होते. दोघं वाडीत खाली बसलेले, मध्ये ती धनुष्याची दोरी. नथूचा जन्म खाडीची जाळी विणण्यात गेला, दोऱ्याची गाठ त्याला कळते हे मान्य. पण एवढी जीभ कुठून आली? "बान सुटला ना, का दोरी थरथरते. थरथरते म्हनून वाजते. तिच्यावर काय जड बांधला का गप होते."

मनाली म्हणते, "पण बाबा, दोरी जड झाली की बाण हळू जातो ना!"

"बघू की," म्हणाला आणि हसला. हसला मेला!

मला आज दिवसभरात काय बोलला? "चहा." आणि "मीठ कमी हाय."

६ नोव्हेंबर

माझी लाल लोकर! दाराचं तोरण विणायला आणलेली, अर्धा गुंडा गायब. सापडली कुठे, तर सुनेच्या दोरीवर. दोन गोंडे, लिंबाएवढे. पोळ्याच्या बैलाला बांधतात तसे.

"माझी लोकर कोणी घेतली?"

नथू म्हणतो, "मी." संपलं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या केसांना कधी गजरा बांधला नाही. दोरीला गोंडे बांधतो!

९ नोव्हेंबर, रविवार

मनालीला धनुष्य शिकवणारे लेस्ली सर गास गावाहून आले. बाणाचा वेग मोजायचं यंत्र घेऊन. गोंड्याशिवाय बाण सेकंदाला एकशे चौऱ्याऐंशी फूट. गोंडे बांधले — एकशे सत्त्याहत्तर. सरांनी कपाळाला हात लावला. "मनाली, निवड चाचणीत निशाण सत्तर मीटरवर आहे. तुझं धनुष्य आधीच हलकं. दोनदा थोडक्यात राहिलीस, आता काय बाण जमिनीत मारणार?"

नथू म्हणाला, "दोरीच्या मधून टोकाकडं सरकवून बघू." सरकवले. एकशे एक्क्याऐंशी! आणि आवाज? फुस्स. कोंबडीनं पंख झटकावा एवढा.

"काका, हे डोकं इतकी वर्षं कुठे होतं?" सरांनी नथूला विचारलं. सगळे हसले. मी चहा दिला. कपाकडे बघून "थँक्यू" म्हणाले.

डोकं माझ्याच घरात होतं, सर. मला दाखवलं नाही.

मग सर म्हणतात, "तरी तीन फूट कशाला घालवायचे? काढून टाका." तर नथू आणि मनालीनं एकमेकांकडे बघितलं! मनाली म्हणाली, "असू दे सर." काय शिजतंय? मला कोण सांगणार!

१२ नोव्हेंबर

दुपारी चांगली झोप लागली. उठले तर साडेचार. दोघं वाडीत कुजबुजत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या निवड चाचणी. यंदा नाही झालं तर मनाली धनुष्य विकणार म्हणते. सकाळपासून घरात एकच — दोरी, बाण, गोंडे. नथूनं तिच्यासाठी सांडोरच्या बाजारातून वेलची केळी आणली. "पोरीला ताकद पायजे." घरच्या वाडीत केळी असताना!

ती आंघोळीला गेली. तो ओट्यावर. दोरी पिशवीत गुंडाळून ठेवलेली. माझी लोकर. मी घेणार. गाठ नखानं सोडायला गेले — सुटेना. त्याची गाठ! कात्री घेतली. दोन्ही गोंडे कापले, चुलीत टाकले. आता बघते कसला गुपचूप बाण मारते ते!

कात्री होती तिथे ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे दोघं गेले. तिन्हीसांजेला आले. मी चुलीपाशीच होते. आता बोलणी खायची, म्हणून पदर खोचून तयार.

मनाली आली ती पाया पडली. "आई, निवड झाली! शेवटची जागा. दोन गुणांनी."

पेढा कोंबला माझ्या तोंडात. "तुमच्यामुळे! गोंडे नव्हते, म्हणून चाचणीआधी सराव करताना धनुष्यावरची नेम धरायची निशाणी नव्यानं लावली, मग बाण बरोबर पोचायला लागले. बाबांनी रिक्षात सांगितलं मला. तुम्ही स्वतः गोंडे कापलेत. म्हणालात, आवाज चालेल, पोरीचा बाण पोचू दे."

मी? कधी?

"आम्ही ते तुमच्याचसाठी बांधले होते ना आई. तुमचं डोकं दुखतं म्हणून. सर ओरडले तरी बाबा काढू देईनात."

मी वळून बघितलं. नथू पाय धूत होता. पाठमोरा.

१७ नोव्हेंबर

दुपारी टण्ण चालू झालं. नथू येऊन बाजूला बसला. म्हणाला, "दोरीला कात्री लागली असती तर तुटून पोरीच्या तोंडावर आली असती. मी पहाटे बोटानं सगली चाचपून बघितली. पुढच्या बारीला राग आला का मला सांग. दोरी कापू नको."

एवढं मोठं बोलला. माझ्याशी.

मला एकच शब्द सुचला. "बरं."