‘बंद’ म्हणणारी खुर्ची

११ नोव्हेंबर २०१२

तीन महिने वहीला हात लावला नाही, माफी असावी. भंडाऱ्यातलं भाड्याचं घर सोडलं, नोकरी बदलली, एवढंच कारण. आजपासून नाकाडोंगरीजवळच्या एका खासगी धावपट्टीवर नोंदी आणि सुरक्षिततेचं काम. धानाच्या बांध्यांपलीकडे पत्र्याचं शेड, त्यात पिवळं, दोन माणसांचं विमान. इतकं जुनं की स्टार्टरच नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करतात. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विमानाला हात लावला आणि शाळकरी मुलीसारखी हसले.

१३ नोव्हेंबर

पंखा भैय्यालाल फिरवतात. पन्नाशीचे, सावध. त्यांची पद्धत नीट लिहून घेतली. चाकांना लाकडी ठोकळे, पायाखाली कोरडी जमीन. ते ओरडून विचारतात, ‘स्विच बंद?’ आत बसलेल्याने किल्ली पाहून ‘बंद’ म्हणायचं. मगच पात्याला हात, तोही बोटं न वळवता, सपाट तळव्याने. पेट्रोल ओढलं जावं म्हणून आधी चार फेरे. मग ‘चालू’चा पुकारा, एक झटका, आणि लगेच मागे. उत्तर आलं नाही तर पात्याला शिवायचंच नाही.

मालक वीरेंद्र आत बसले होते. मोबाइलमधून मान न काढता ‘बंद’ म्हणाले. भैय्यालाल माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘इतक्या लवकर त माही बायकोबी हो म्हनत नाही, मॅडम.’’

१६ नोव्हेंबर

भैय्यालालच्या आधी हे काम केवळराम करायचे. मे महिन्यात आत बसलेल्या मालकांचं ‘बंद’ ऐकून ते निर्धास्त पात्याजवळ गेले आणि इंजिन धडाडलं. मालकांनी कागदावर लिहिलं, शिडीवरून पडून मृत्यू. त्यांच्या बायकोला, देवकाबाईंना, शेडमध्ये पायही ठेवू दिला नाही. हे मला आज, चहाच्या टपरीवर कळलं. संताप होतो. पाच दिवसांत मी आपणहून काहीच विचारलं नाही, याचाही.

१९ नोव्हेंबर

इंजिन चालू असताना मुद्दाम किल्ली बंद केली. इंजिन थांबलं नाही. शेवटी पेट्रोलचा पुरवठा तोडावा लागला. किल्लीने ठिणगी बंद करणारी आतली तार तुटली आहे. किल्ली काहीही दाखवो, ठिणगी जिवंतच. म्हणजे पात्याला हात लावताच इंजिन कधीही सुरू होईल. मालकांना सांगितलं. म्हणाले, चाललंय ना आजवर? ‘स्विच ठीक’ असा कागद पुढे केला, सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका म्हणाले.

सही केली. का केली?

२१ नोव्हेंबर

भर दुपार. शेडमध्ये मी एकटी, विमान रिकामं. रागाच्या भरात मोठ्याने विचारलं, ‘स्विच बंद?’

विमानातल्या रिकाम्या खुर्चीतून उत्तर आलं. ‘बंद.’ मालकांच्या आवाजात. मालक वरठीला गेलेले.

पुन्हा विचारलं. ‘बंद.’ त्याच घाईत, तसंच न बघता. केवळरामांना दिलेलं उत्तर — ते तिथेच बसून आहे — अजून देतंय —

२३ नोव्हेंबर

खुर्ची आज गप्प. बरं वाटलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन. गॅस बंद केलास ना? मी म्हटलं, बंद. मागे भांडं जळत होतं. आणि आवाज — माझा नव्हता. मालकांचा —

२४ नोव्हेंबर

भैय्यालालना सांगायला गेले. तार तुटली आहे, हात लावू नका — एवढंच. तोंडातून निघालं, ‘बंद’. तीन वेळा. ते हसले. ‘‘मॅडम, मी त अजून इचारलोबी नाही!’’

चिठ्ठी लिहून दिली. मालकांनी मध्येच घेतली, फाडली. सकाळी पाहुणे येणार, त्यांच्यासाठी विमान सुरू करायचं. मालक पाहुण्यांजवळ, खुर्चीत मी, असा त्यांचा हुकूम. मी बसले नाही तर तेच बसतील, आणि तेच म्हणतील —

या माणसाचा राग. माझ्या सहीचा. या जिभेचा — लिहितानाही ती आत हलते आहे —

भैय्यालाल विचारतील. मी गप्प राहिले तर ते शिवणार नाहीत. गप्प राहिले तर —

उद्याचं काम: तोंडात फडकं कोंबून बसायचं.