डचेसचे मागचे पाय

प्रिय डेन्झिल,

हे पत्र गेनोर तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो: पोरी, तुझ्या बापाला शिव्या दिल्यात तिथे आवाज बारीक करू नकोस, चांगलं खणखणीत वाच. शर्यतीला ये म्हणून मी नाताळाआधी फोन केला, तर तू म्हणालास, डोळे गेले, आता माझं तिकडे काय काम. आणि फोन ठेवून दिलास. असो. शर्यत झाली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखीच, कापडी घोड्यांची: एकेका घोड्याच्या पोटात दोन माणसं, एक पुढचे पाय, एक वाकून मागचे. चर्चच्या फाटकापासून तळ्याला वळसा घालून पबच्या दारापर्यंत. वाटेत उड्या मारायला पेंढ्याचे भारे, आणि बेकरीच्या कोपऱ्यावर प्रत्येक घोड्याला नळीने अर्धा ग्लास बिअर. तू ब्रिस्टलला लेकीकडे गेल्यापासून आपली घोडी डचेस खुंटीवरच टांगलेली होती, आणि यंदाही तिला तिथेच राहू द्यावं असं माझ्या मनात होतं. पण औषधांच्या दुकानात नवीन आलेली टॅमसिन म्हणाली, मी होते अर्धा घोडा. गावात तिचं कोणी नाही, सुट्टीत एकटीच होती, मीही एकटाच. माझी पाठ आता वाकत नाही, तेव्हा ती मागे शिरली आणि जन्मात पहिल्यांदा मी पुढे. इतकी वर्षं तुझा पट्टा धरून, तुझ्या पाठीला कपाळ टेकून मी अंधारात धावलो. ही शर्यत अख्ख्या गावाने पाहिली आहे, फक्त मी सोडून.

डचेस माझ्या हेस्टरने जुन्या पडद्यांची शिवली, हे तुला आठवत असेलच. या येडचापपणात मला ओढू नका म्हणायची, तरी दरवर्षी उसवलेलं शिवून द्यायची. आणि शर्यतीच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरीच राहायची. निदान मला सांगायची तरी तसं. पण बेकरीचा कोपरा आला की तू पुढून ओरडायचास, "ऑब्री, आली रे तुझी बायको. निळा स्कार्फ घालून उभी आहे, हात हलवतेय." माझे पाय हलके व्हायचे. घरी गेल्यावर मी तिला कधी विचारलं नाही, कारण ती कबूल करणार नाही याची मला खात्री होती. आमचं फारसं पटायचं नाही, तुझ्यापासून काय लपलंय. पण ती चोरून बघायला येते, एवढं मला पुरायचं. ती गेल्यावर त्या निळ्या स्कार्फवर मी कितीतरी संध्याकाळी काढल्या.

म्हणून यंदा मनात एकच होतं, बेकरीचा कोपरा आला की तिची जागा डोळे भरून बघायची. मुंडकं चढवलं, धावायला लागलो, आणि डेन्झिल, लबाडा, त्या घोड्याच्या तोंडातून काही म्हणजे काही दिसत नाही. दातांच्या फटीतून चार हात रस्ता, ओला, पेंढा सांडलेला. माणसं नाहीत, दुकानं नाहीत. बेकरी मी वासावरून ओळखली. मान वर करावी तर मुंडकं मागे कलतं आणि नुसतं आतलं अस्तर दिसतं. मी थबकलो. टॅमसिन माझ्या पाठीवर आदळली, चारी पाय एकमेकांत अडकले आणि डचेसने भर रस्त्यात बसकण मारली. लोक हसून लोळत होते. मी आत घामाघूम झालो होतो आणि खरं सांगतो, रडत होतो. इतकी वर्षं तू मला बनवलंस याचा संताप आला होता, आणि आता तो निळा स्कार्फही गेला म्हणून फार एकटं वाटत होतं.

तेवढ्यात मागून टॅमसिनचा बारीक आवाज आला, "अहो ऑब्री, मला बघायला आलंय का हो कोणी?"

माझ्यासमोर चार हात पेंढा होता. मी म्हटलं, "आलंय म्हणजे काय? दुकानातली तुझी सगळी गिऱ्हाइकं आलीत. हात हलवतायत बघ तुला."

ती हसली, आणि उठलीच. आम्ही शेवटून पहिले आलो. पबमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली, मग जो तो आपापल्या घरी जेवायला गेला. मी डचेसला घरी आणून हेस्टरच्या शिवणाच्या खोलीत टांगलं. रेडिओ लावला, कोणीतरी बोलत असावं म्हणून.

हेस्टर खरंच कधी आली होती का, हे मी तुला विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. डोळे गेले, काय काम, म्हणतोस. अरे, त्या घोड्यात डोळे होते कोणाला? पुढे तुला दिसत नव्हतं, मागे मला दिसत नव्हतं, तरी पबपर्यंत आपण पोचायचोच. हेस्टरची खोली रिकामी आहे. पुढचा नाताळ लांब आहे, आपल्या वयाला तर फारच लांब. तेव्हा त्याची वाट बघू नकोस, या महिन्यातच ये आणि इथेच राहा. मला हे घर एकट्याने सोसत नाही. गेनोर, त्याची बॅग भर. डेन्झिल, आता मी पुढे होतो, तू माझा पट्टा धर. बेकरीच्या कोपऱ्यावर कोण उभं आहे, ते मी सांगत जाईन.

तुझेच मागचे पाय,
ऑब्री