आबांच्या घड्याळाचं सभ्य गिऱ्हाईक

आदरणीय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते म्हणून करतोय असं समजू नका. तुमच्या गुडघ्याची मला मनापासून काळजी आहे, आणि ती आत्ताच का वाटू लागली हे पत्र संपेपर्यंत कळेल. तोवर जड काही उचलू नका. वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे. मी ठीक आहे असं लिहिणार होतो, पण माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास उरलेला नाही, त्यामुळे ते तिलाच विचारा.

तुम्हाला आठवत असेल, मध्यंतरी तुमचा फोन आला होता. आबांचं उभं घड्याळ तुम्ही काढूनच टाकणार असाल तर माझ्याकडे पाठवा, आमच्या दिवाणखान्यात जागा आहे, घरातली वस्तू घरात राहील, असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी तुम्हाला ऐकवलं होतं की वस्तूला बाजारभाव असतो आणि व्यवहारात भावना आणू नयेत. (हे वाक्य मी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, म्हणालो होतो, कारण तुम्ही लगेच वहिनींच्या खोकल्याबद्दल बोलू लागलात.) घड्याळ काढणं तर भागच होतं. लेकीला इथे नोकरी लागली, ती तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येणार, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणा मावेल असा एकच कोपरा आहे, ज्यात तुमच्या वडिलांचं घड्याळ आमच्या लग्नापासून पाय रोवून उभं होतं. शिवाय त्याचे ठोके. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्या ठोक्यांना दचकून उठतात, तिथे तान्ह्या जिवाचं काय. तुमची बहीण एवढंच म्हणाली, की विका, पण नीट माणसाला द्या. आता नीट माणूस ओळखणं हा तर माझा धंदा. आयुष्यभर विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. दुकान जळालं की मालकाच्या आधी मी राख चिवडायचो. एखाद्याची आजी वारली म्हणून तो रडत असला तरी मी मनात म्हणायचो, आधी दाखला बघू. असा मी.

घड्याळाचे फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या साइटवर जाहिरात टाकली. (फोटोंत घड्याळाच्या काचेत बनियनवरचा मी स्पष्ट दिसत होतो, हे जाहिरात लागल्यावर कळलं.) पहिला आला तो आपल्या कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. दवाखान्यात बाहेर बसणाऱ्या पेशंटांचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून त्याला मोठं घड्याळ हवं होतं. बिचाऱ्यानं भाव केला नाही, खिशातून रोख रक्कम काढून टेबलावर ठेवली. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. भाव का करत नाही? रोख का? मी त्याला विचारलं की हातात घड्याळ असताना दवाखान्यात दुसरं कशाला, ही रक्कम कुठून काढली, आणि ओळखीचे दोन पुरावे आणलेत का. त्याच माणसानं मागच्या महिन्यात माझी दाढ भरली होती. त्यानं पैसे उचलले, आणि जाताना काचेतला गृहस्थ घड्याळासोबत मिळणार होता का, एवढं विचारून गेला. माझी दुसरी दाढ आता ठणकते आहे आणि मला बरंच लांब जावं लागतं.

दुसऱ्या आल्या त्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. त्यांनी किंमत विचारायच्या आधी ठोके ऐकायला मागितले. ठोके ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किंमत पाडायची ही जुनी युक्ती आहे हे मी तत्काळ ओळखलं आणि किंमत वाढवून सांगितली. त्या डोळे पुसून निघून गेल्या. तुमची बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. तिचं हे आत जाणं कसं असतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय, मी वर्णन करत नाही.

आणि मग तो आला. म्हणजे आला नाहीच, त्याचा मेसेज आला. जहाजावर इंजिनिअर. भर समुद्रात असल्यानं स्वतः बघायला येता येणार नाही याबद्दल त्यानं माफी मागितली होती. आईसाठी घड्याळ हवंय म्हणाला. दादा, इतकं शुद्ध आणि नम्र लिहिणारा माणूस मी विम्याच्या धंद्यात एकही पाहिला नाही. मी संशयानं एक विचारावं, तर त्यानं न मागता तीन कागद पाठवावेत. पासपोर्टची प्रत, जहाजाच्या कंपनीचं पत्र, आईच्या घराचा पत्ता. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं? डॉक्टरजवळ नुसते पैसे होते, बाईंजवळ नुसते डोळे. याच्याजवळ कागद होते, आणि कागद पुरे असले की मला गाढ झोप लागते.

आठवड्यानं कुरिअरनं चेक आला. मी तो भिंगाखाली धरला. सही ठसठशीत, शाई एकसारखी, शिक्का वाचता येणारा. एकच गोष्ट खटकली, रक्कम माझ्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. लगेच त्याचा मेसेज, की ऑफिसातल्या कारकुनानं चुकून वाहतुकीचे पैसेही त्याच चेकात घातले, तेव्हा जास्तीचे तेवढे माझ्या वाहतूकवाल्याच्या खात्यावर आजच पाठवून द्या, तो घड्याळ न्यायला येईल. कारकून चुका करतात हे मला चांगलं ठाऊक आहे, मी अनेकांच्या पकडल्या आहेत. चेक बँकेत भरला. दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम वाढलेली दिसली. दिसली म्हणजे आली, असा माझा समज. (ती नुसती दिसते, येते नंतर, आणि कधी येतच नाही, हे बँकेतल्या साहेबांनी पुढे मला अशा आवाजात समजावलं, ज्या आवाजात मी लोकांना त्यांचा दावा नामंजूर झाल्याचं सांगत असे.)

पैसे मी त्याच दिवशी पाठवलेही असते. घोडं अडलं ते सहीपाशी. खातं दोघांचं, आणि रक्कम मोठी असली की तुमच्या बहिणीची मंजुरी लागते. तिनं वाहतुकीचा आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, घड्याळ नेताहेत की अख्खी इमारत? मी म्हटलं, अगं, पैसे त्याचे आहेत, आपल्याला काय. तर म्हणाली, पैसे कुणाचेही असोत, वाहतुकीला इतके द्यायचे नाहीत. आणि माझा फोन घेऊन ती थेट त्या माणसाशी घासाघीस करायला बसली.

दादा, तुमच्या घराण्यातला हा गुण मला लग्नाच्या वेळीच दिसला होता, पण भर समुद्रातल्या माणसालाही तो दिसेल असं वाटलं नव्हतं. तिनं कळवलं की आमचा चुलतभाऊ हेच काम चौथाईत करतो. (चुलतभाऊ म्हणजे आपला टेंपोवाला सावकाश. हे टोपणनाव त्याच्या गाडी चालवण्यावरून पडलं हे तुम्हाला माहीत आहेच, बहुधा तुम्हीच पाडलंत.) त्या सद्गृहस्थानं लिहिलं, माझाच वाहतूकवाला पाहिजे, तो नाजूक वस्तूंचा जाणकार आहे. तिनं लिहिलं, मग जाणकाराला भाव उतरवायला सांगा. आणि उतरवला की त्यानं. तिनं आणखी मागितला, त्यानं आणखी उतरवला. चार-पाच दिवस हे चाललं होतं. शेवटी तो निम्म्यावर आला, मग निम्म्याच्या निम्म्यावर, आणि एका सकाळी, तुम्हाला योग्य वाटेल ते पाठवा पण आज पाठवा, असा मेसेज आला. मला त्या माणसाची भयंकर लाज वाटली. म्हणजे त्याच्यापुढे माझी. मी तिला न कळू देता त्याला लांबलचक माफीपत्र लिहिलं, की माझ्या सासरची मंडळी स्वभावानं अशीच आहेत, मनावर घेऊ नका. त्याचं लगेच उत्तर आलं, की मी समजू शकतो सर. किती सुसंस्कृत, असं मला वाटलं. तुमच्याबद्दल मी एका भामट्याकडे तक्रार केली, आणि त्यानं तुमची बाजू घेतली.

मग एका सकाळी ती म्हणाली, सावकाशचा टेंपो आज मोकळा आहे, घड्याळ देऊन टाकू, पत्ता तर आहेच, हिशेब मागाहून. मला तर हायसंच वाटलं. चार माणसांनी घड्याळ तीन जिने उतरवलं. (पाचवा मी, सूचना देत होतो.) टेंपो वळणाआड गेला आणि दुपारी बँकेतून फोन. चेक परत आलाय. त्या नंबरचं खातंच नाही.

माझी पाचावर धारण बसली. सावकाशला फोन लावला, तर तो उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा त्याचा एकमेव नियम, आणि तो तो पाळतो. जहाजावर मेसेज केला, जहाज बुडालेलं. मला एकदम दिसायला लागलं की कुठल्या तरी अनोळखी दारात आबांचं घड्याळ उतरवलं जातंय आणि भामट्याचा माणूस ते गाडीत घालतोय. पैसे गेले असते तर मी स्वतःला चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो. पण आबा दर रविवारी त्या घड्याळाला चावी द्यायचे, आणि लहानपणी तुमची बहीण त्यांच्या शेजारी स्टुलावर उभी राहायची. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, आबांनी सांगितलं होतं. मी भीत भीत तिला चेकचं सांगितलं. ती तोंड फिरवून आत गेली. घरात चारचे ठोके पडले नाहीत, तरीही मी मान वर करून कोपऱ्याकडे पाहिलं. मग मला घरात बसवेना. खाली जाऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, जसं काही तिथे उभं राहिल्यानं टेंपो परत येणार होता.

आणि आला. ऊन कलताना सावकाश खरंच परत आला, घड्याळ जसंच्या तसं. म्हणाला, त्या पत्त्यावर टायरचं दुकान आहे आणि तिथे कुणाची आई राहत नाही. मी त्याला रस्त्यातच मिठी मारली. तो फार अवघडला.

तर असं झालं. दमडीही गेली नाही, घड्याळ शाबूत आहे, गेली ती फक्त माझी अक्कल, आणि तीही बहुधा आधीच गेलेली असावी. जास्तीच्या रकमेचा चेक आला की समजावं, आपल्याला शेंडी लावली जातेय, आणि वर उरलेले पैसे परत मागितले की खात्रीच धरावी. हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी फक्त स्वतःला मोठ्यानं सांगतोय. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. : हे पत्र मी टपालानं पाठवत नाहीये. ते ज्यानं तुमच्या हातात दिलं तो सावकाश अजून दारातच उभा असेल. त्याच्यामागे टेंपो आहे. टेंपोत काय आहे ते आता सांगायला नको. चारही हमालांनी ते पुन्हा तीन जिने चढवायला साफ नकार दिला आणि उद्या लेक येते आहे. ते तुमच्याकडे पाठवावं असं मला अचानक सुचलं. बाजारभावाबद्दल मी जे बोललो ते विसरून जा, ही विनंती.

आणखी एक : सावकाशचं भाडं द्यायचं राहिलं आहे. तेवढं आपण दिलंत तर उपकार होतील. गुडघा सांभाळून उतरवून घ्या.

दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून मी लिहिते. भाडं मी कालच दिलंय, सावकाश पुन्हा मागेल, देऊ नकोस. चेक आला त्याच दिवशी चेकवरच्या बँकेचा नंबर मी बाहेरून शोधून फोन केला होता (चेकवर छापलेल्या नंबरावर नाही), तेव्हाच कळलं की चेक खोटा आहे, पण तोवर ह्यांनी तो बँकेत भरला होता. म्हणून पैसे अडवून धरले. घासाघीस करताना मजा आली हे खोटं नाही. सावकाश कुठेही गेला नव्हता, दिवसभर स्वतःच्या दारात टेंपो लावून झोपला होता; टायरच्या दुकानाचं मीच त्याला पढवलं होतं. आज त्याची तुझ्या गावाला फेरी आहे म्हणून घड्याळ कालच उतरवून घेतलं, ते तुझ्याकडेच यायचं हे मी आधीच ठरवलं होतं. हे चेक परत आल्याचं सांगायला आले तेव्हा मला हसू आवरेना म्हणून मी आत गेले. पण मग हे उन्हात गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि माझं हसू गेलं. मीच सावकाशला फोन करून बोलावलं.

ह्यांना आधीच का नाही सांगितलं असं तू विचारशील. अरे, इतक्या वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा एका माणसावर विश्वास ठेवला होता. ते दोन आठवडे दूधवाल्याशीही नीट बोलत होते, रात्री दाराची कडी एकदाच बघायचे. मला ते मोडवेना. घड्याळाची चावी आत लंबकामागे बांधली आहे, रविवारी दे. आणि ह्यांचा फोन आला तर हसू नकोस. म्हण, गिऱ्हाईक मलाही सभ्यच वाटलं असतं.